व्होल्टेज रेग्युलेटरचा आउटपुट करंट कसा काढावा

७८०५ या ५ व्होल्ट देणाऱ्या तीन पायांच्या रेग्युलेटर आयसीच्या डेटाशीटवर (उत्पादकाच्या माहितीपत्रकावर) पहिल्याच पानावर १ अँपिअर, काही उत्पादकांच्या बाबतीत १.५ अँपिअर, असा आकडा छापलेला असतो. सर्किट उभे करणारे बरेच जण त्या आकड्यालाच आउटपुट करंट समजतात आणि पुढचे सगळे हिशेब त्यावर बांधतात. प्रत्यक्षात तो आकडा एक कमाल मर्यादा आहे, आणि तीही बऱ्याच अटी पाळल्या तरच गाठता येणारी. त्या अटी कोणत्या आणि आपल्या हातातल्या सर्किटपुरते त्यांचे आकडे कसे काढायचे, हे या लेखात एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे पाहू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट असली पाहिजे. व्होल्टेज रेग्युलेटर करंट ठरवत नाही. तो व्होल्टेज ठरवतो. त्या व्होल्टेजला किती करंट वाहील हे लोड, म्हणजे आउटपुटला जोडलेले उपकरण, ठरवते. ७८०५ च्या आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टर जोडला तर ५ ÷ १०० म्हणजे ५० मिलिअँपिअर वाहतील, आणि त्या जागी ३ अँपिअरचा रेग्युलेटर बसवला तरीही ५० मिलिअँपिअरच वाहतील. त्यामुळे ‘आउटपुट करंट किती?’ या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, लोड किती करंट मागणार आहे? दुसरा, हे सर्किट जास्तीत जास्त किती करंट न बिघडता, न तापता आणि व्होल्टेज न पाडता देऊ शकते? पहिल्याचे उत्तर दुसऱ्यापेक्षा पुरेसे कमी असेल तरच डिझाइन बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात नसते. आयसीची स्वतःची मर्यादा, उष्णतेची मर्यादा, इनपुट व्होल्टेजने घातलेली मर्यादा आणि मूळ स्रोताची मर्यादा असे चार आकडे काढावे लागतात, आणि त्यांपैकी जो सर्वांत लहान तोच खरा.

लोडची बेरीज

उदाहरणासाठी शेतातल्या पंपाचा स्टार्टर दुरून चालू-बंद करणारा एक कंट्रोलर घेऊ. सोलर पॅनेलवर चार्ज होणारी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, तिच्यावर ७८०५, आणि ७८०५ च्या ५ व्होल्टवर ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर), ५ व्होल्ट कॉइलचे दोन रिले, १६×२ डिस्प्ले आणि एक दर्शक एलईडी.

एलईडीचा करंट ओहमच्या नियमाने मिळतो. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट राहतात, मालिकेतला रेझिस्टर ३३० ओहमचा आहे, म्हणून (५ − २) ÷ ३३० म्हणजे ९ मिलिअँपिअर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या रंगाच्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० ओहमची असते, म्हणजे प्रत्येकी ७१.४ आणि दोन्ही मिळून १४३ मिलिअँपिअर. रिले चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर व्होल्टचा एखादा अंश पडतो, त्यामुळे प्रत्यक्ष करंट याहून किंचित कमी असेल. तो फरक सोडून द्यावा, कारण चूक सुरक्षित बाजूला होते. बॅकलाइटसह डिस्प्लेसाठी २५ मिलिअँपिअर धरू. हा आकडा मात्र मोड्यूलवरच्या बॅकलाइट रेझिस्टरनुसार बदलतो, म्हणून हातातला नग मोजून घेणे चांगले.

ईएसपी३२ चा हिशेब जरा बारकाईने करावा लागतो. वाय-फायवर प्रक्षेपण करताना हा चिप सुमारे २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो, पण ती स्थिती काही मिलिसेकंदच टिकते. नुसते ऐकत असताना तो सुमारे १०० मिलिअँपिअर घेतो. हे आकडे ३.३ व्होल्टच्या बाजूचे आहेत. मग ५ व्होल्टच्या बाजूला किती? बोर्डवरचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर लिनिअर, म्हणजे जास्तीचे व्होल्टेज स्वतःवर पाडणाऱ्या प्रकारचा असतो, आणि लिनिअर रेग्युलेटरमध्ये जेवढा करंट बाहेर जातो तेवढाच आत यावा लागतो. वर स्वतःच्या कामासाठी तो काही मिलिअँपिअर ग्राउंड पिनमधून सोडतो. ते ५ धरले तर शिखर करंट २४५ आणि सर्वसाधारण १०५ मिलिअँपिअर होतो. इथे ३.३ × २४० ÷ ५ असे वॉटचे गणित करून १५८ मिलिअँपिअर काढणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. ते गणित स्विचिंग (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणाऱ्या) रेग्युलेटरसाठी योग्य, लिनिअरसाठी नव्हे.

आता बेरीज दोनदा करावी. दोन्ही रिले ओढलेले असताना शिखर करंट ९ + १४३ + २५ + २४५, म्हणजे ४२२ मिलिअँपिअर. त्याच स्थितीत सरासरी करंट ९ + १४३ + २५ + १०५, म्हणजे २८२ मिलिअँपिअर. हे दोन्ही आकडे पुढे वेगवेगळ्या कामांना लागतात. आयसीची करंट मर्यादा आणि व्होल्टेजची खोली (इनपुट आउटपुटपेक्षा किती व्होल्ट वर आहे ते) तपासताना शिखर घ्यायचे, कारण व्होल्टेज एका मिलिसेकंदासाठी जरी कोसळले तरी प्रोसेसर रीसेट होतो. उष्णतेच्या हिशेबात सरासरी घ्यायची, कारण हीट सिंक (आयसीची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) तापायला मिनिटे लागतात आणि मिलिसेकंदाचा धक्का त्याला जाणवतही नाही. उष्णतेसाठी शिखराचा आकडा घेतला तर हीट सिंक विनाकारण मोठे होते. उलट करंट मर्यादेसाठी सरासरी घेतली तर सर्किट अधूनमधून आपोआप रीसेट होते आणि कारण सापडता सापडत नाही.

आयसीची स्वतःची मर्यादा

याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टीओ-९२ या लहान प्लास्टिक पॅकेजमधला ७८एल०५ हा १०० मिलिअँपिअरचा, ७८एम०५ हा ५०० मिलिअँपिअरचा आणि साधा ७८०५ हा १ अँपिअरच्या वर्गातला. आपले शिखर ४२२ मिलिअँपिअर आहे, म्हणजे ७८एल०५ बाद, ७८एम०५ काठावर आणि ७८०५ निर्धोक. एक बाब मात्र लक्षात ठेवावी. या आयसींच्या आत करंट मर्यादित करणारे सर्किट असते आणि इनपुट-आउटपुटमधला फरक वाढत जाईल तशी ते मर्यादा खाली आणते. व्होल्टेजचा फरक कमी असताना शिखर करंट २.२ अँपिअरपर्यंत देणाऱ्या काही उत्पादकांच्या ७८०५ चा शॉर्ट सर्किट करंट ३५ व्होल्ट इनपुटला केवळ २३० मिलिअँपिअर दिलेला आहे. म्हणून २४ व्होल्टच्या औद्योगिक सप्लायवर ७८०५ लावून १ अँपिअरची अपेक्षा ठेवू नये.

करंट पुरत नाही म्हणून दोन ७८०५ समांतर जोडण्याचा सल्लाही ऐकू येतो. तो पाळू नये. प्रत्येक नगाचे व्होल्टेज ४.८ ते ५.२ च्या दरम्यान कुठेही असू शकते, त्यामुळे ज्याचे व्होल्टेज किंचित जास्त तो जवळजवळ सगळा भार उचलतो आणि दुसरा बसून राहतो.

उष्णतेची मर्यादा: खरी अडचण इथेच

लिनिअर रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवतो. किती वॉट घालवतो ते असे काढावे: (इनपुट व्होल्टेज − आउटपुट व्होल्टेज) × आउटपुट करंट, अधिक इनपुट व्होल्टेज × ग्राउंड पिनचा करंट. ७८०५ चा ग्राउंड पिनचा करंट साधारण ५ मिलिअँपिअर असतो. इनपुट व्होल्टेज घेताना १२ हा नावापुरता आकडा घेऊ नये. चार्जिंग सुरू असताना लेड-ॲसिड बॅटरीच्या टोकांवर १४.४ व्होल्टपर्यंत व्होल्टेज चढते, आणि सोलरवरच्या बॅटरीत ते नेमके भर दुपारी, म्हणजे हवाही सर्वांत तापलेली असताना चढते. म्हणून उष्णतेसाठी १४.४ घ्यावे.

(१४.४ − ५) × ०.२८२ म्हणजे २.६५ वॉट, अधिक १४.४ × ०.००५ म्हणजे ०.०७ वॉट, एकूण २.७२ वॉट. आकडा लहान दिसतो, पण तो कुठून बाहेर पडणार हे पाहिले पाहिजे.

टीओ-२२० या ७८०५ च्या नेहमीच्या, धातूचा टॅब असलेल्या पॅकेजचा, हीट सिंक नसताना, जंक्शनपासून हवेपर्यंतचा उष्णतारोध सुमारे ६५ अंश सेल्सिअस प्रति वॉट असतो. म्हणजे दर वॉटमागे आतली सिलिकॉनची चकती भोवतालच्या हवेपेक्षा ६५ अंशांनी तापते. २.७२ वॉटला ही वाढ १७७ अंश होईल. जंक्शनचे तापमान १२५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, तेव्हा हवा शून्य अंशावर असली तरीही हे जमणार नाही. आता हवेचे तापमान किती धरायचे? डेटाशीटमधले बहुतेक आकडे २५ अंशांना दिलेले असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतले तापमानच ४५ अंशांवर जाते, आणि बंद पेटीच्या आत त्यात सहज १० अंशांची भर पडते. आपल्याकडे शेतात बसवायच्या कोणत्याही उपकरणासाठी पेटीतली हवा ५५ अंशांची धरूनच हिशेब करावा, असे माझे ठाम मत आहे. पेटी थेट उन्हात असेल तर त्याहूनही जास्त.

हेच गणित उलट केले की उष्णतेने घातलेली करंट मर्यादा मिळते. तापमानाला वाढायला जागा १२५ − ५५ म्हणजे ७० अंश. ७० ÷ ६५ म्हणजे १.०८ वॉट. त्यातले ०.०७ वॉट आयसीच्या स्वतःच्या वापराचे वजा करून उरलेल्या साधारण १ वॉटला ९.४ व्होल्टने भागले की मिळतात सुमारे १०७ मिलिअँपिअर. म्हणजे ‘१ अँपिअर’ असे छापलेला आयसी या पेटीत, हीट सिंकशिवाय, छापील आकड्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका करंट देऊ शकतो. सर्किट टेबलावर अर्धा तास नीट चालते आणि शेतात दुपारी बंद पडते, संध्याकाळी आपोआप पुन्हा सुरू होते, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. ७८०५ च्या आत अतितापापासून संरक्षण असल्यामुळे तो जळत नाही. आउटपुट तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा जोडतो.

उपाय तीन आहेत. पहिला अर्थातच हीट सिंक. २.७२ वॉट आणि ७० अंश यांवरून एकूण उष्णतारोध ७० ÷ २.७२ म्हणजे २५.७ पेक्षा कमी हवा. त्यातले जंक्शनपासून पॅकेजपर्यंतचे सुमारे ५ आणि पॅकेज व हीट सिंक यांच्यामधल्या पेस्टचे सुमारे १ वजा केले तर हीट सिंकसाठी १९.७ उरतात. नेमका २० चा घेऊन काठावर राहू नये. १५ चा किंवा त्याहून कमी उष्णतारोधाचा घ्यावा. १५ चा घेतल्यास जंक्शन ५५ + २.७२ × २१ म्हणजे ११२ अंशांवर थांबते. ७८०५ चा धातूचा टॅब ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणून तो ग्राउंड केलेल्या पेटीला सरळ कसता येतो. एलएम३१७ या व्होल्टेज बदलता येणाऱ्या रेग्युलेटरचा टॅब मात्र आउटपुटला जोडलेला असतो. तिथे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा तुकडा मध्ये न घालता कसले तर आउटपुट थेट शॉर्ट होते.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि त्याचा विचार फार कमी जण करतात. रेग्युलेटरच्या आधी मालिकेत एक रेझिस्टर घालून उष्णतेचा काही वाटा त्याच्यावर टाकता येतो, कारण रेझिस्टरला तापणे सोसते, सिलिकॉनला सोसत नाही. त्याचे मूल्य मात्र सर्वांत वाईट स्थितीवरून काढायचे. बॅटरी उतरून ११ व्होल्टवर आलेली असताना आणि शिखर करंट वाहत असताना रेग्युलेटरच्या इनपुटला किमान ७.५ व्होल्ट (आउटपुटचे ५, ७८०५ ला लागणारी २ व्होल्टची खोली आणि अर्धा व्होल्ट राखीव) उरले पाहिजेत. इनपुटचा शिखर करंट ४२२ + ५ म्हणजे ४२७ मिलिअँपिअर, (११ − ७.५) ÷ ०.४२७ म्हणजे ८.२ ओहम, आणि सुदैवाने हे प्रमाणित मूल्यच आहे. सरासरी २८७ मिलिअँपिअरला त्यावर २.३५ व्होल्ट पडतात आणि रेग्युलेटरमधली उष्णता २.७२ वरून सुमारे २ वॉटवर येते. शिखराच्या क्षणी रेझिस्टरमध्ये १.५ वॉट जातात, म्हणून तो ३ वॉटचा घ्यावा आणि रेग्युलेटरचा इनपुट कपॅसिटर रेझिस्टरच्या नंतर, आयसीच्या पायाजवळ बसवावा.

तिसरा उपाय म्हणजे लिनिअर रेग्युलेटरच सोडून देणे. एलएम२५९६ सारख्या बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग रेग्युलेटरमध्ये इनपुट करंट वेगळ्या सूत्राने येतो: आउटपुट व्होल्टेज × आउटपुट करंट ÷ (इनपुट व्होल्टेज × कार्यक्षमता). कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ × ०.२८२ ÷ (१२ × ०.८) म्हणजे १४७ मिलिअँपिअर लागतील; ७८०५ ला २८७ लागत होते. ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर नुसत्या भागाकाराने हा फरक सुमारे २४ तास आणि ४८ तास असा पडतो. प्रत्यक्षात बॅटरी इतकी उतरू देऊ नये, पण दोन आकड्यांचे गुणोत्तर तेच राहते. बॅटरीवर चालणाऱ्या आणि १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त लोड असणाऱ्या सर्किटमध्ये ७८०५ वापरण्याचे समर्थन मला करता येत नाही. मेनवर चालणाऱ्या, कमी करंटच्या किंवा सूक्ष्म ॲनालॉग संकेत मोजणाऱ्या सर्किटमध्ये मात्र लिनिअरच चांगला, कारण स्विचिंगचा विद्युत गोंगाट तिथे मोजमाप बिघडवतो.

मेनवरचा सप्लाय असेल तर

तोच कंट्रोलर घरात बसवायचा असून ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडांचा ब्रिज आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरला असे समजा. इथे इनपुट व्होल्टेज स्थिर नसते. कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतो आणि मधल्या वेळात उतरतो. त्या उताराच्या तळाशी जे व्होल्टेज असते ते रेग्युलेटरला पुरले पाहिजे, आणि नेमक्या याच अटीतून करंटची आणखी एक मर्यादा निघते.

आपल्याकडे मेन २३० व्होल्टचे असले तरी ते १० टक्के खाली येईल असे धरून चालावे. गावाकडे संध्याकाळी त्याहूनही खाली येते. ९ व्होल्टचे मग ८.१ राहतात. त्याला १.४१४ ने गुणले की शिखर ११.४५ व्होल्ट, आणि ब्रिजमधल्या दोन डायोडांचे मिळून २ वजा केले की ९.४५. (डायोडांवर पाठ्यपुस्तकातले ०.७ न धरता प्रत्येकी १ व्होल्ट धरावा, कारण कपॅसिटर भरताना करंट थोड्या वेळात पण मोठ्या झटक्याने वाहतो.) ७८०५ ला १ अँपिअरला साधारण २ व्होल्टची खोली लागते, त्यात अर्धा व्होल्ट राखून तळाची मर्यादा ७.५ ठेवू. म्हणजे व्होल्टेज उतरायला ९.४५ − ७.५ इतकी, १.९५ व्होल्टची मुभा आहे.

आता करंट = कपॅसिटन्स × व्होल्टेजचा उतार ÷ वेळ. ०.००१ × १.९५ ÷ ०.०१ म्हणजे १९५ मिलिअँपिअर. आपली गरज ४२२ ची, तेव्हा १००० मायक्रोफॅरड कमी पडतो. २२०० केला तर मर्यादा ४२९ वर जाते आणि शिखर जेमतेम भागते. ३३०० घेतला तर निश्चिंतपणे भागते. कपॅसिटर पूर्ण १० मिलिसेकंद उतरतो असे इथे धरले आहे. प्रत्यक्षात तो थोडा आधीच पुन्हा भरू लागतो, त्यामुळे काढलेला आकडा सुरक्षित बाजूचा आहे.

ट्रान्सफॉर्मरचे काय? त्यावर ५०० मिलिअँपिअर लिहिले आहे ते प्रत्यावर्ती करंटचे प्रभावी मूल्य आहे. ब्रिज आणि कपॅसिटर जोडल्यावर वाइंडिंगमधला करंट सरळ साइन तरंगासारखा न राहता टोकदार होतो, आणि त्याचे प्रभावी मूल्य डीसी करंटच्या सुमारे १.८ पट होते. म्हणून ५०० ÷ १.८ म्हणजे २७८ मिलिअँपिअर इतकाच सततचा डीसी करंट त्यातून घ्यावा. इनपुटला आपला सरासरी करंट २८७ आहे. फरक थोडा असला तरी तो चुकीच्या बाजूला आहे. ७५० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. सर्वसाधारण दुरुस्तीच्या दुकानात हा १.८ चा गुणक क्वचितच विचारात घेतला जातो, आणि ‘पाचशेचा लावला तरी तापतो’ असे म्हणून ट्रान्सफॉर्मरला दोष दिला जातो.

जिथे रेग्युलेटरच करंट ठरवतो

सुरुवातीला म्हटले की करंट लोड ठरवते. याला एक मुद्दाम केलेला अपवाद आहे: रेग्युलेटरला स्थिर करंटचा स्रोत म्हणून जोडणे. यासाठी एलएम३१७ सर्वांत सोयीचा. हा आयसी आपल्या आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये नेहमी १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोन पायांमध्ये एक रेझिस्टर जोडून लोड ॲडजस्टच्या पायावरून घेतले, की रेझिस्टरमधून वाहणारा करंट १.२५ ÷ रोध इतकाच राहतो, आणि तोच लोडमधून जातो. ॲडजस्टच्या पायातून येणारे साधारण ५० मायक्रोअँपिअर त्यात मिसळतात. १० मिलिअँपिअरच्या वरच्या करंटला ते नगण्य आहेत.

३५० मिलिअँपिअरचे पॉवर एलईडी चालवायचे तर १.२५ ÷ ०.३५ म्हणजे ३.५७ ओहम, प्रमाणित ३.६ ओहम घेतल्यास ३४७ मिलिअँपिअर मिळतील. रेझिस्टरमध्ये १.२५ × ०.३४७ म्हणजे ०.४३ वॉट जातात, म्हणून तो १ वॉटचा घ्यावा. १.२५ व्होल्ट हे संदर्भ मूल्य प्रत्येक नगात १.२० ते १.३० दरम्यान असू शकते, तेव्हा करंट ३३३ ते ३६१ दरम्यान येईल हे गृहीत धरून एलईडीची कमाल मर्यादा तपासावी.

मालिकेत किती एलईडी बसतील? प्रत्येक पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट, रेझिस्टरवर १.२५ आणि आयसीवर किमान २.५. तीन एलईडींना ९.६ + १.२५ + २.५ म्हणजे १३.३५ व्होल्ट लागतात आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते जमत नाही. जमवले तर बॅटरी भरलेली असताना प्रकाश पुरेसा आणि उतरल्यावर मंद असे होईल. दोन एलईडींना १०.१५ पुरतात. मात्र १४.४ व्होल्टला आयसीवर १४.४ − ६.४ − १.२५ म्हणजे ६.७५ व्होल्ट पडतात आणि २.३४ वॉट उष्णता होते, म्हणजे इथेही हीट सिंक आलेच.

७८०५ देखील असा जोडता येतो. तिथे करंट ५ ÷ रोध अधिक ग्राउंड पिनचा करंट असतो. १०० मिलिअँपिअरसाठी ५१ ओहम घेतले तर ९८ + ५ म्हणजे १०३ येतात. पण तो ५ चा आकडा नगानुसार ८ पर्यंत जाऊ शकतो आणि ५ व्होल्ट वाया जातात, म्हणून ही जोडणी दुसरा आयसी हाताशी नसेल तेव्हाच करावी.

एलएम३१७ नेहमीसारखा व्होल्टेजसाठी वापरतानाही करंटचा एक हिशेब राहून जातो, तो कमीत कमी करंटचा. या आयसीला स्थिर राहण्यासाठी काही किमान करंट आउटपुटमधून वाहावा लागतो. बहुतेक नगांना ३.५ मिलिअँपिअर पुरतात, पण डेटाशीट १० पर्यंतची शक्यता सांगते. आउटपुट आणि ॲडजस्टमध्ये २४० ओहम लावले तर १.२५ ÷ २४० म्हणजे ५.२ मिलिअँपिअरच वाहतात, आणि लोड काढल्यावर आउटपुट व्होल्टेज वर चढू शकते. १२० ओहम लावले तर १०.४ वाहतात आणि प्रश्न मिटतो.

झेनर आणि बाहेरचा ट्रान्झिस्टर

अगदी कमी करंटसाठी झेनर डायोड (उलटा जोडल्यावर आपल्यावर ठरावीक व्होल्टेज राखणारा डायोड) पुरतो. ११ ते १४.४ व्होल्टवरून ५.१ व्होल्ट, ३० मिलिअँपिअर हवे असतील आणि झेनरमधून किमान ५ राखायचे असतील तर मालिकेतला रेझिस्टर (११ − ५.१) ÷ ०.०३५ म्हणजे १६८ ओहमपेक्षा कमी हवा; १५० घेऊ. मग ११ व्होल्टला जास्तीत जास्त लोड करंट ३९.३ − ५ म्हणजे ३४ मिलिअँपिअर. लोड काढलेले असताना १४.४ व्होल्टला सगळे ६२ मिलिअँपिअर झेनरमधून जातात, ०.३२ वॉट होतात, आणि १ वॉटचा १एन४७३३ए ते सहज सोसतो. रेझिस्टरमध्ये मात्र ०.५८ वॉट जातात. तो पाव किंवा अर्ध्या वॉटचा घेऊ नये.

याउलट ३ अँपिअर हवे असतील तर ७८०५ च्या जोडीला टीआयपी२९५५ सारखा पीएनपी ट्रान्झिस्टर लावण्याची जुनी रीत आहे. आयसीच्या इनपुटमध्ये ३.३ ओहम घालून त्यावर ट्रान्झिस्टरचा एमिटर-बेस जोडतात. आयसीचा करंट ०.७ ÷ ३.३ म्हणजे २१२ मिलिअँपिअरच्या वर गेला की ट्रान्झिस्टर उघडतो. गेन (बेसमधल्या करंटच्या किती पट करंट ट्रान्झिस्टर सोडतो ते) २० धरला तर ३ अँपिअरपैकी २.६५ ट्रान्झिस्टर आणि ०.३५ आयसी उचलतो. गणित सुंदर जुळते, पण १४.४ व्होल्टवरून त्या ट्रान्झिस्टरमध्ये २.६५ × ९.४ म्हणजे २५ वॉट उष्णता होते, आणि वेगळे संरक्षण न लावल्यास शॉर्ट सर्किटमध्ये त्याला वाचवणारे काही नसते. आज या कामाला बक रेग्युलेटरच वापरावा.

मोजून पाहणे

काढलेला आकडा मोजल्याशिवाय पक्का धरू नये. मल्टिमीटर आउटपुटच्या मालिकेत जोडला की त्याच्या वायरी आणि आतल्या शंटवर (करंट मोजण्यासाठीच्या अगदी लहान रोधाच्या रेझिस्टरवर) व्होल्टेज पडते, लोडला ५ पेक्षा कमी मिळतात आणि मोजमापच बदलते. लिनिअर रेग्युलेटरमध्ये यावर सोपी वाट आहे: मोजमाप इनपुटच्या बाजूला करावे. तिथे थोडे व्होल्टेज पडले तरी आउटपुटला फरक पडत नाही, आणि इनपुटच्या करंटमधून ५ मिलिअँपिअर वजा केले की आउटपुट करंट मिळतो. त्यासाठी इनपुटच्या मालिकेत १ टक्का अचूकतेचा ०.१ ओहमचा रेझिस्टर घालून त्यावरचे व्होल्टेज मिलिव्होल्टच्या रेंजवर वाचावे. २८.७ मिलिव्होल्ट दिसले तर करंट २८७ मिलिअँपिअर. मालिकेतला ८.२ ओहमचा रेझिस्टर आधीच बसवलेला असेल तर वेगळा शंटही लागत नाही, त्यावर २.३५ व्होल्ट दिसले की झाले. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. वाय-फायच्या प्रक्षेपणाचे शिखर पाहायचे तर ऑसिलोस्कोपच हवा आणि तो आउटपुटच्या ५ व्होल्टवर लावावा, म्हणजे त्या क्षणी व्होल्टेज किती खचते ते थेट दिसते. ते ४.८ च्या खाली जात असेल तर लोडजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाढवून पाहावे.

शेवटी तापमान. दोन्ही रिले चालू ठेवून, पेटी बंद करून, १४.४ व्होल्टवर सर्किट अर्धा तास चालवावे आणि थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या वायरीचे) टोक आयसीच्या धातूच्या टॅबला लावून तापमान वाचावे. दुसऱ्या थर्मोकपलचे टोक पेटीतल्या हवेत ठेवावे. टॅब ८० अंश आणि हवा ३८ अंश आली असे धरू. जंक्शन टॅबपेक्षा ५ × २.७२ म्हणजे १३.६ अंशांनी जास्त, म्हणजे सुमारे ९४ अंशांवर आहे. मे महिन्यात हवा ५५ होईल तेव्हा त्यात १७ ची भर पडून १११ अंश होतील. १५ च्या हीट सिंकसाठी काढलेल्या ११२ शी हा आकडा जुळतो, आणि १२५ पर्यंत अजून १४ अंश शिल्लक राहतात. जुळला नाही आणि टॅब अपेक्षेपेक्षा बराच जास्त तापला असेल, तर आधी पेस्ट आणि स्क्रू तपासावेत, मग पेटीला खालून आणि वरून हवेची भोके आहेत की नाहीत ते पाहावे, आणि त्यानंतरच मोठ्या हीट सिंककडे वळावे.